अक्कलकुव्याचे बारा ग्लास

माझ्या नातीच्या साखरपुड्याला चारशे माणसं जेवली आणि मांडवात डिस्पोजलचा एकही ग्लास नव्हता! एकही!

बघा, बढाई मारली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदाच मारली, त्यामुळे नीट जमली की नाही कोण जाणे. चाळीस वर्षं मी हायस्कूलचं ग्रंथालय सांभाळलं. तिथे ‘शांतता राखा’ असा फलक होता. मुलांनी तो एक दिवसही पाळला नाही, मी मात्र अजून घरीसुद्धा पाळतो. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ पुस्तकातल्या वाळलेल्या फुलासारखी होते. हात लावला की चुरा! म्हणून हे लिहूनच सांगतो.

आमचं गाव तापीकाठी. मुलगा-सून सुरतला, आणि नात मयूरी लहानपणापासून आमच्याकडे. गेल्या उन्हाळ्यात गल्लीत एक लग्न झालं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि मांडवातले प्लास्टिकचे ग्लास गावभर वरात काढल्यासारखे फिरू लागले. एक गटारीत बसला, एक गाईच्या तोंडात गेला, आणि एक खिडकीतून येऊन माझ्या उघड्या पुस्तकात असा बसला, जणू खूण म्हणून मीच ठेवलाय!

मयूरी म्हणाली, “आबा, माझ्या साखरपुड्याला असला कचरा नको हं.”

आता मयूरीचा साखरपुडा ही साधी गोष्ट नव्हती. पाच स्थळं तिने नाकारली होती. सहावा अक्कलकुव्याचा नवनीत, जुन्या ओळखीच्या घरातला. त्याला बघून ती पहिल्यांदा लाजली, आणि आमच्या घरात माझ्याशिवाय आणखी कुणी लाजलेलं मी प्रथमच पाहिलं! हे स्थळ जमलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

मंडपवाला म्हणाला, “काका, पाण्याच्या बाटल्या सांगू, डिस्पोजल सांगू, काम खतम!”

“नको,” मी म्हणालो. एवढं बोलूनच मला घाम फुटला. पण बेत माझ्या डोक्यात तयार होता. गावात चाळीस घरं आमच्या येण्या-जाण्यातली. प्रत्येकाच्या फडताळात स्टीलचे ग्लास असतातच. घरटी दहा-बारा आणायचे, वापरायचे, घासायचे, परत द्यायचे. ग्रंथालयात दुसरं काय करत होतो मी?

आमची मंडळी, म्हणजे प्रमिलाबाई, घरोघर फिरली आणि ग्लास गोळा करून आली. आमच्या फडताळातलेही तिने त्यात टाकले. कोणाचे किती ते वहीत लिहावं असं मला वाटलं होतं. पण शेजारची कालीबाई म्हणाली, “आबा, लिखतस कसाले? गिलासवर नाव कोरेल शेच ना!”

मला पटलं. पुस्तकावर शिक्का असला की ते कुठे परत जायचं हे आपोआप कळतं. वही बंद!

माझा आणखी एक बेत होता. आमंत्रणाच्या मेसेजमध्ये खाली मी एक ओळ घातली : ‘येताना आपला ग्लास सोबत आणल्यास आनंद होईल.’

मयूरी किंचाळली. “आबा! साखरपुड्याला कोणी घरून ग्लास घेऊन येतं का? सासरचे काय म्हणतील?”

“काढून टाकतो,” मी म्हणालो. पण तोवर मेसेज पोचला होता. मी तिला ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? मी अजून विचार करतोय.

साखरपुडा मात्र झकास झाला! मे महिना, ऊन असं की मिरचीच्या पथारीवर बसल्यासारखं वाटावं. स्टीलच्या ग्लासातून गार ताक, लिंबाचं सरबत. नवनीतचे आजोबा बन्सीलालभाई, धिप्पाड माणूस, आवाज असा की माइक बंद असला तरी चालू वाटावा! ते ग्लास वर धरून म्हणाले, “वा हेमकांतभाई! आम्हना घरना लगीनमा बी असंच करूत!”

मी लाजून ताकात बघितलं.

थोड्या वेळाने मी सहज मांडवामागे गेलो, तर बन्सीलालभाई एकटेच केळीच्या आडोशाला पाठ करून उभे. वयस्कर माणूस, एवढं ताक प्यायलेला, आडोसा... मी समजलो. त्यांनी दचकून मान वळवली, मी लगेच तोंड फिरवून निघून आलो. सभ्यता म्हणून हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाई आणि मयूरी मुला-सुनेला सोडायला नंदुरबार स्टेशनवर गेल्या. घरी मी आणि घासून पुसलेले चारशे बारा ग्लास. मनात आलं, बाया दमल्यात. त्या येण्याआधी आपण सगळे ग्लास ज्याचे त्याला पोचवू. घरात कधी काही उपयोगी केलं नाही असं प्रमिलाबाई म्हणते, आज करून दाखवू!

ओट्यावर बसलो. भिंग घेतलं. एकेक ग्लास फिरवून नाव वाचायचं, अकारविल्हे ढीग लावायचे. अहाहा! निवृत्तीनंतर इतकं सुख मिळालं नव्हतं. फत्तेसिंग : आठ. म्हणजे कालीबाईच्या नवऱ्याचे. रूपलीबाई : दहा. ती समोरच्या घरातली. प्रमिलाबाई : नऊ. ते मी अभिमानाने आमच्या फडताळात लावले. माझ्या नावाचा मात्र एकही निघाला नाही. मला नवल वाटलं नाही. माझं नाव सहसा कुठे नसतंच.

आणि मग परगावची नावं निघायला लागली! तळोदा, शहादा, निझर... आणि चक्क ‘ब. छ. पाटील, अक्कलकुवा’! एक नाही, दोन नाही, बारा! ब. छ. म्हणजे बन्सीलाल छगनलाल. नवनीतचे आजोबा!

माझे डोळे भरून आले. म्हणजे माझी ती ओळ लोकांनी वाचली होती! पाहुणे खरोखर घरून ग्लास घेऊन आले होते! बन्सीलालभाईंनी तर अख्ख्या घराचे आणले, आणि कुठे बोलून दाखवलं नाही, जाताना मागितलेसुद्धा नाहीत. किती मोठं मन!

अशा माणसांचे ग्लास एक दिवसही ठेवून घेणं बरं नव्हे. प्रमिलाबाईने जुन्या साडीची शिवलेली पिशवी होती, तिच्यात मी बारा ग्लास घातले आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली :

‘आदरणीय बन्सीलालभाई, सप्रेम नमस्कार. आपली वस्तू आमच्याकडे राहिली होती, ती सन्मानाने परत पाठवीत आहे. तिच्यावर आमचा काही हक्क नाही. आजवरच्या लोभाबद्दल आभारी आहे. आपला, हेमकांत.’

तीनदा वाचली. एकही चूक नव्हती.

दिलवरसिंगची जीप आमच्या फाट्यावरून तळोदामार्गे अक्कलकुव्याला आणि तिथून पुढे मोलगीला जाते. त्याच्या हातात पिशवी दिली. “जपून,” म्हणालो. “सोयऱ्यांकडे द्यायचीय.”

“आबा, तुम्ही फिकीरच करू नका!” म्हणून त्याने गाडी हाकलली.

मग गावातले ढीग. घरोघरी जाऊन हाका मारणं माझ्या स्वभावात नाही. मी आपलं हातगाडीवर पिशव्या ठेवल्या, आणि ज्याच्या नावाचे त्याच्या ओट्यावर गुपचूप ठेवून, कोणी बाहेर यायच्या आत पुढच्या घरी. दुपारच्या उन्हात गल्ली निजलेली. तासाभरात काम फत्ते! परगावचे उरलेले पिशव्यांत बांधून ठेवले, उद्याच्या एस.टी.ने पाठवायला. मग हातपाय धुतले आणि पुस्तक घेऊन आडवा झालो. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

चारच्या सुमारास गल्लीत तव्यावर मिरच्या टाकाव्यात तसा आवाज आला.

“रूपलीबाई! ओ रूपलीबाई! बाहेर या! मन्हा आहेर परत कया तुम्ही? मी काय पाप कयं?”

ती कालीबाई होती. दोन्ही हातांत ग्लास.

समोरच्या दारातून रूपलीबाई आली. तिच्याही दोन्ही हातांत ग्लास!

“माले इचारस? तूच मन्हा गिलास मन्हा ओटावर फेकीसन गई! तुन्हा घरभरणीले मी दहा गिलास दिन्हा व्हतात!”

“आनि तुन्हा पोरना लगीनले मी आठ दिन्हात ते?”

“त्या तू ठेव आते तुन्हा उरावर!”

या दोघी सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कालच्या साखरपुड्यात मयूरीने दोघींना शेजारी बसवून मोठ्या मिनतवारीने बोलतं केलं होतं. ती बोलणी आता अशी चालू होती! हळूहळू आणखी दारं उघडली. जो तो हातात ग्लास घेऊन बाहेर. कोणी कोणाला विचारतंय, कोणी कोणाच्या सात पिढ्या काढतंय. मी पुस्तक तोंडावर घेतलं. ते उलटं होतं.

तेवढ्यात रिक्षातून प्रमिलाबाई आणि मयूरी उतरल्या. प्रमिलाबाईने एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या ओट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“काय कयं तुम्ही?”

“ज्याचे त्याला दिले,” मी म्हणालो. “नाव वाचून.”

तिने कपाळावर हात मारला. “अहो, गिलासवर नाव देनारनं ऱ्हास!”

“मग घेणाऱ्याचं?”

“घेनारनं घर ऱ्हास!”

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. लग्नात, घरभरणीला आहेर म्हणून भांडी देतात. हंड्यावर जागा ऐसपैस असते, त्यामुळे कोरणारा ‘अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट’ असं सगळं कोरतो. ते मी वाचलेलं होतं. पण ग्लासावर जागा ती किती! तिथे तो नुसतं देणाऱ्याचं नाव कोरतो आणि मोकळा होतो. बायांना हे सगळं माहीत. मी आयुष्यभर पाणी प्यायलो, पण ग्लास कधी वाचला नव्हता! म्हणजे मी गावातला तीस-चाळीस वर्षांचा आहेर एका दुपारीत ज्याचा त्याला परत केला होता! आणि ‘प्रमिलाबाई’ नावाचे नऊ ग्लास, जे आम्ही लोकांना दिले होते, ते स्वतःच्या फडताळात लावून बसलो होतो!

“आपना गिलास कोठे शेतस?” प्रमिलाबाईने विचारलं. “अक्कलकुवाना बारा?”

मी उलटं पुस्तक सुलटं केलं.

“बन्सीलालभाईसनी आपला पोरना लगीनमा दिन्हा व्हतात त्या! सत्तावीस वरीस झायात!”

“ते...” मी म्हणालो, “ते अक्कलकुव्याला गेले.”

मयूरीचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्याकडे आहेर परत करणं म्हणजे काय, हे सांगायला नको. भांडण झालं तरी माणूस आहेर परत करत नाही. संबंध कायमचा तोडायचा असेल तरच करतो! आणि साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुलीच्या आजोबाने, मुलाच्या आजोबाला, चिठ्ठीसकट!

“चिठ्ठीत काय लिहिलंत आबा?”

मला पाठ होती. म्हणून दाखवली. ‘आमचा काही हक्क नाही’ इथे प्रमिलाबाई खाली बसली. ‘आजवरच्या लोभाबद्दल’ इथे मयूरी रडायला लागली.

दिलवरसिंगला फोन लावला. “पोचली ना पिशवी! बन्सीलालबाबांच्याच हातात दिली, आता मी मोलगीच्या घाटात...” आणि रेंज गेली. लगोलग नवनीतचा फोन मयूरीला. “काय झालं गं? आजोबांनी एक चिठ्ठी वाचली आणि तेव्हापासून गप्प बसलेत. चहासुद्धा घेतला नाही.”

गप्प! बन्सीलालभाई गप्प! मला धरणाचे सगळे दरवाजे एकदम बंद झाल्यासारखं वाटलं.

“तू त्याला सांग ना फोनवर,” मी म्हणालो.

“नाही आबा,” मयूरी डोळे पुसत म्हणाली. “चिठ्ठी तुम्ही लिहिलीत. बोलायलाही तुम्हीच चला.”

फत्तेसिंगने पपईची पिकअप काढली. पुढे प्रमिलाबाई आणि मयूरी, मागे मी पपयांच्या रिकाम्या क्रेटवर. गाडी सुटणार तोच कालीबाई चढली. “साक्ष द्यायला,” म्हणाली. ते बघून रूपलीबाई चढली. “हाई काय साक्ष देस? खरं मी सांगसू!” दोघींच्या हातांत ग्लास तसेच. खड्डा आला की ते एकमेकांवर आपटायचे, जणू लग्नाचा बॅण्डच! मी वाटेत भाषण तयार केलं. सुरुवात ‘गैरसमज हा मानवी स्वभावाचा’ अशी होती. तळोद्यापर्यंत ते चांगलं वाटलं. पुढे मलाच कंटाळा आला.

अक्कलकुव्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बन्सीलालभाई ओसरीवर झोपाळ्यावर बसलेले. झोपाळा हलत नव्हता. समोर बारा ग्लास ओळीने मांडलेले, हातात माझी चिठ्ठी. दारात नवनीत, तोंड एवढंसं.

मी पुढे झालो. सगळे माझ्याकडे बघत होते. ‘गैरसमज हा...’ पुढे काय ते आठवेना. शेवटी जे एकमेव वाक्य तोंडातून निघालं ते असं :

“भाई, जरा पाणी मिळेल का?”

बन्सीलालभाईंनी मान वर केली. मला वाटलं आता संपलं. पण त्यांचे डोळे चमकले!

“काय म्हनतस? पानी?”

“हो. घसा कोरडा पडलाय. ह्याच ग्लासातून चालेल.”

“पानी मांगं!” ते गरजले. झोपाळा कुरकुरला. “नवनीत! पानी आन! अरे, नातं तोडनारा मानूस दारमा ईसन पानी मांगस का?”

मी तो ग्लास एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला. मग कालीबाई, रूपलीबाई आणि प्रमिलाबाई एकाच वेळी सगळी हकिकत सांगू लागल्या. कोणाला काय कळलं देव जाणे, पण शेवटी मयूरीने सावकाश सांगितलं आणि बन्सीलालभाई इतके हसले की झोपाळ्याची कडी वाजायला लागली.

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले. हळूच म्हणजे शेजारच्या दोन घरांना ऐकू येईल इतकं.

“हेमकांतभाई, मग तुम्ही रागे नही भरेल?”

“मी? कशासाठी?”

“काल मांडवना मांगे... केळीना आडे... तुम्ही दखं ना?”

“छे छे!” मी घाईने म्हणालो. “मी तोंड फिरवलं होतं.”

“तेच ते! तोंड फिरायं! मी तवाच समजनू, आते गयी सोयरीक!” त्यांनी कपाळ पुसलं. “माले डॉक्टरनी सांगेल शे, बाटलीनंच पानी पेवानं. तुम्हना मांडवमा बाटली ना, डिस्पोजल ना. मी घरथीन प्लास्टिकनी बाटली खिसामा लयी उंथू. चोरीसन पिधी आनि केळीमा फेकी दिन्ही. आज हाई चिठ्ठी उनी. मी म्हनं, एक बाटलीना पायरे नातूनं लगीन मोडनं! दुपारपाइन तोंड दाखाडाले जागा नही माले!”

म्हणजे इकडे मी जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि तिकडे हा डोंगराएवढा माणूस वीस रुपयांच्या बाटलीपायी! मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की लोक आपल्याला घाबरूही शकतात. फार सुखाची गोष्ट नाही ती. पण अगदीच वाईटही नाही.

नवनीत आणि मयूरी अंगणात काहीतरी बोलत हसत होते. माझ्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं. परतताना पिकअपमध्ये कालीबाई आणि रूपलीबाई एकाच क्रेटवर बसल्या होत्या. सात वर्षांचं बोलणं साठलं होतं ना! विषय होता मी. पण मी आमचे बारा ग्लास मांडीवर धरून निवांत ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया आमच्या ओट्यावर जमल्या आणि चारशे बारा ग्लास त्यांनी पाऊण तासात ज्याचे त्याच्या घरी लावले. नाव एकीनेही वाचलं नाही. “हाऊ मन्हा, याना काठले पोचा शे.” “हाऊ मन्हा, याना बुड हालस.” झालं! माझं भिंग मी खिशातून काढलंच नाही. केळीत जाऊन ती बाटली तेवढी उचलून आणली.

डिसेंबरात लग्न झालं. अक्कलकुव्याच्या मांडवातही डिस्पोजल नव्हतं. बन्सीलालभाई तांब्याची बाटली घेऊन आले होते आणि ती माइकवरून सगळ्यांना दाखवत होते. आहेरात त्यांनी मला नवे बारा ग्लास दिले. प्रत्येकावर कोरणाऱ्याकडून मुद्दाम सगळं कोरून घेतलं होतं :

‘हे ग्लास हेमकांतभाईंचे. देणारे बन्सीलाल छगनलाल, अक्कलकुवा. घासून पुसून तिथेच ठेवावेत. परत पाठवू नयेत.’

मजकूर ग्लासाला तीन वेढे घालून बुडापर्यंत गेलाय. आता सवयीने मी पिण्याआधी वाचतो. शेवटच्या शब्दापर्यंत पोचायला ग्लास उलटा करावा लागतो, आणि रोज सकाळी निम्मं ताक माझ्या धोतरावर सांडतं.